शेऱ्याचा रकाना

काटोल नाक्यापलीकडे, खाणीच्या तोंडाशी
बाभळीखाली माझं टेबल होतं.
तीन पायांचं; चौथ्याच्या जागी सरकारी दगड.
मॅट्रिक होऊन दीड वर्ष घरी बसलो होतो,
अक्षर वळणदार म्हणून हजेरीवर घेतलं.
महिना अठरा रुपये.
मंदी मलाही पोसत होती,
हे तेव्हा लक्षात आलं नाही.

रकाने असे: नाव, बापाचं नाव, वस्ती, वय,
फोडलेली खडी, दर, अंगठा.
आणि कडेला बोटभर रुंदीचा एक, शेरा.
तिथं काय लिहायचं
ते कुणी सांगितलं नव्हतं.

नवतपा सुरू होता.
पाचपावलीचे कोष्टी अंधारात निघून यायचे,
मागावर बसून बसून वाकलेल्या पाठी
घणाखाली आणखी वाकायच्या.
खडी दोन इंची कडीतून पडली पाहिजे.
नाही पडली तर पुन्हा फोडा.
ती लोखंडी कडी मी दोरीनं गळ्यात घालून हिंडायचो,
दुपारी ती छातीवर चटका द्यायची.

गोमाजी हेडाऊ, वय एकेचाळीस,
करवती काठाचा कारागीर,
बाराव्या दिवशी अंगठा द्यायला आला.
शाई लागली, पण ठसा उमटेना.
रेघांच्या जागी नुसत्या भेगा.
म्हणाला, "दगडाचं काई नाही जी,
दगड फुटते.
पर ह्या हातानं आता रेशीम धरलं तं
रेशीमच मले धरून ठेवते."

मी शेऱ्यात लिहिलं:
या इसमाच्या बोटांना सूत अडकते.
दुसऱ्या दिवशी आणखी चौघांपुढे तेच,
मग पानभर.
रकाना पुरेना तसं मी आडवं लिहू लागलो.
तपासणीच्या साहेबांनी चष्मा काढून वाचलं,
काही बोलले नाहीत. कागद वर गेला.
कागद वर जातो म्हणजे कुठं जातो,
ते बाभळीखालून दिसत नाही.

पोळा झाल्यावर हुकूम आला:
विणकरांस विणकामच द्यावे.
इतवारीच्या शाळेत सूत तोलून मिळू लागलं,
दवाखान्यासाठी चादरी,
जाडीभरडी, पांढरी, काठ नको.
माझं टेबल शाळेच्या व्हरांड्यात आलं.
आता त्याला चारही पाय होते.

नव्या हजेरीत एका मागाला एक नाव.
गोमाजीची सगुणा कांड्या भरायची,
पांजणीला उन्हात ताणा धरायची,
तुटलेला धागा अंधारातही सांधायची.
तिनं विचारलं,
"तिकडं खाणीवर माहा येगळा अंगठा होता जी.
अठी काऊन नाही?"
मी छापील कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

थंडी पडली तेव्हा
गोमाजीनं अकरावी चादर आणली.
घडी उलगडली, आणि कडेला
बोटभर रुंदीचा लाल काठ,
करवतीचे दाते, एकसारखे, बारीक.
रेशीम कुठलं, तर
सगुणाच्या जुन्या लुगड्याचं, उसवून काढलेलं.
निरीक्षकांनी नखानं काठ खरवडला.
"रोग्याला काठ कशाला?"
गोमाजी म्हणाला, "पाह्याले."

कापणी मलाच लिहावी लागली,
त्याच वळणदार अक्षरात:
अनधिकृत काठ. एक आणा वजा.
गोमाजीनं खाली अंगठा टेकवला.
या वेळी ठसा पुरता उमटला,
एकेक रेघ वळून मधल्या टिंबाशी
शांत जाऊन थांबलेली.
मी शाई वाळेपर्यंत बघत राहिलो.

मागे सगुणाबाई उभी होती,
उजवा हात पदराला पुसत.
मी सवयीनं शाईची डबी
तिच्यापुढे सरकवली,
मग आठवलं,
आणि झाकण लावलं.